हापूसची वाट कोयीतल्या किडीने अडवली

शेतमालाच्या निर्यातीत अडथळा म्हणजे जकात, असा सर्वसाधारण समज. हापूसला मात्र जकातीपेक्षा किडीने जास्त छळले. फळमाशी आणि कोयीत लपणारा भुंगा आपल्या बागांत शिरेल, या भीतीने अमेरिकेने 1989पासून भारतीय आंब्याला दार बंद केले होते.

ते उघडले 2007मध्ये, आणि तेही लासलगावमुळे! भाभा अणुसंशोधन केंद्राने तिथे उभारलेले विकिरण केंद्र मुळात कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून होते. आंब्याच्या पेट्या तिथे कोबाल्ट-60च्या गॅमा किरणांसमोरून नेल्या जातात. किमान 400 ग्रे मात्रा द्यावी लागते. एवढ्याने कीड जागीच मरते असे नाही, पण तिची पुढची पिढी निपजत नाही. फळ किरणोत्सारी होत नाही, हेही सांगितलेले बरे. आंब्याच्या बदल्यात भारताने हार्ले-डेव्हिडसनच्या मोटारसायकलींना वाट दिली. व्यापारात फुकट काही मिळत नाही.

तपासणीला अमेरिकी निरीक्षक इथे हजर लागत. करोनाकाळात ते येऊ शकले नाहीत आणि 2020, 2021 हे दोन्ही हंगाम बुडाले.

युरोपीय संघाची बंदी त्या मानाने अल्पायुषी ठरली: मे 2014मध्ये लागली, 2015च्या सुरुवातीला उठली.

कागदोपत्री काटेकोरपणा मात्र सुटलेला नाही. मे 2025मध्ये विकिरणाच्या कागदपत्रांतील त्रुटींवरून आंब्याच्या सुमारे 15 खेपा अमेरिकी विमानतळांवर अडकल्या. परत आणणे परवडेना, म्हणून निर्यातदारांनी तो माल तिथेच नष्ट करू दिला.