रोप घरपोच मागवावे की रोपवाटिकेतून आणावे?

आपल्या व्यापारी घरांत माल पारखून घेण्याची रीत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. लक्ष्मीपुरीत धान्याचा नमुना तळहातावर घेतल्यावाचून भाव बोलला जात नाही आणि गुळाच्या सौद्यात रवा पाहिल्याशिवाय बोली लागत नाही. तीच घरे अलीकडे बागेसाठी रोप घेताना मात्र मोबाइलच्या पडद्यावरील छायाचित्रावर विसंबतात. चार दिवसांनी खोके दारात येते आणि त्यातून काय निघेल याचा भरवसा नसतो. म्हणून या व्यवहाराचा ताळेबंद एकदा मांडून पाहणे इष्ट ठरेल.

टपालाने बागेचे सामान मागवणे ही काही आजची गोष्ट नव्हे. आपल्या देशात व्हीपीपीची सोय १८७७ साली सुरू झाली. पोस्टमनला पैसे द्यावेत आणि मग पार्सल उघडावे, असा तो प्रकार. आजची ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ ही त्याचीच पुढची पिढी होय. पुण्याची पोचा यांची बियाण्यांची पेढी १८८४ सालची. तिची सूचीपत्रे पाहून गावोगावचे हौशी लोक फुलांची आणि भाज्यांची बियाणी मागवीत. या व्यवहाराचे मर्म असे की पाकिटातून जे प्रवास करीत असे, ते बी होते, हिरवे रोप नव्हे.

हा फरक मुळाशी आहे. बी आणि कंद हे निद्रिस्त असतात. पुढच्या वाढीची शिदोरी त्यांच्यापाशी असते आणि प्रकाशावाचून त्यांचे अडत नाही. मुळे धरलेले रोप मात्र जागे असते. त्याची पाने पाणी बाहेर टाकीत राहतात आणि मुळांना ते सतत पुरवावे लागते. बंद खोक्यात अंधार, उष्मा आणि हादरे. वजन वाचवण्यासाठी मुळांभोवतीची माती बहुधा कमी केलेली असते. त्यात तंतुमुळे तुटतात, पाने पिवळी पडून गळतात. पाच-सहा दिवसांच्या अशा प्रवासानंतर रोप जगले, तरी सावरण्यातच त्याचे काही आठवडे जातात.

आता हिशेब पाहू. समजा, पाच रोपे प्रत्येकी १२० रुपयांनी मागवली आणि पाठवणीचा खर्च १५० रुपये आला. एकूण ७५० रुपये झाले. त्यांतील दोन वाळली, तर जगलेले प्रत्येक रोप २५० रुपयांना पडले. तीच रोपे जवळच्या रोपवाटिकेत प्रत्येकी १५० रुपयांना मिळाली आणि रिक्षाला १०० रुपये गेले, तर ८५० रुपयांत पाचही जगून प्रत्येकाची किंमत १७० रुपये होते. जिवंत रोपांवर जीएसटी नाही, त्यामुळे करापायी फरक पडत नाही. फरक पडतो तो वाहतुकीने आणि मरतुकीने. छापील किंमत नव्हे, तर जगलेल्या रोपाची किंमत हीच खरी किंमत होय.

या हिशेबात एक रकाना मात्र उरतो आणि श्रावकाला तो गाळता येत नाही. वनस्पती हा एकेंद्रिय जीव आहे, हे आपण बालपणापासून ऐकतो. गृहस्थाला स्थावर जीवांची हिंसा पूर्णतः टाळता येत नाही, म्हणूनच निष्प्रयोजन हिंसेपासून दूर राहण्यासाठी अनर्थदंडविरती हे गुणव्रत सांगितले आहे. आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त विनाकारण जमीन खणणे आणि वनस्पती तोडणे हे प्रमादचर्येत मोडते. सवलत दिसली म्हणून गरज नसता दहा रोपे मागवावीत आणि त्यांतील निम्मी खोक्यातच कोमेजावीत, हा प्रकार या व्रताच्या कक्षेत येतो की नाही, याचा विचार प्रत्येकाने करावा. विक्रेता पैसे परत करील. गेलेला जीव परत येत नाही.

तथापि, जवळची रोपवाटिका म्हणजे निर्दोष, असेही समजू नये. शोभेची पुष्कळ रोपे आंध्र प्रदेशातील राजमहेंद्रीजवळच्या कडियम येथून ट्रकने देशभर जातात आणि आपल्याकडच्या विक्रेत्यांकडेही उतरतात. अशा रोपाची मुळे बहुधा चिकट मातीच्या घट्ट गोळ्यात असतात. तो गोळा वाळला की पाणी आत मुरत नाही आणि दाट पावसात निचरा होत नाही. म्हणून “हे रोप येथे येऊन किती दिवस झाले?” हा पहिला प्रश्न विचारावा. दोन-तीन आठवडे येथल्या हवेत राहून नवी पालवी फुटलेले रोप घ्यावे. पिशवीच्या तळाशी मुळांचे वेटोळे झालेले नाही ना, पानांच्या मागे पिठ्या ढेकूण नाहीत ना, हे हाताने उलटून पाहावे. फुलांनी लगडलेल्या रोपापेक्षा कळीवरचे, सशक्त रोप अधिक टिकते. ही पारख छायाचित्रावरून होत नाही.

मग लांबून काय मागवावे? भाज्यांची आणि हंगामी फुलांची बियाणी नामांकित पेढीकडून, पाकिटावरील चाचणीची तारीख आणि मुदत पाहून, निःशंक मागवावीत. निशिगंधासारख्या फुलांचे कंद प्रवास उत्तम सोसतात. आपल्याकडे कंद भक्षणास वर्ज्य आहेत. तेव्हा ते बागेत लावावेत की नाही, हे ज्याने त्याने आपल्या नियमानुसार ठरवावे. निळ्या किंवा सप्तरंगी गुलाबाच्या बियांची जाहिरात दिसल्यास मात्र पाकीट खिशातच ठेवावे. बागेतील गुलाब डोळा भरून वाढवतात. बियांपासून मूळ झाडासारखे फूल येत नाही. परदेशातून बी मागवण्यासही आयात परवाना आणि तपासणी लागते, कारण बियांबरोबर रोग व तणेही येतात.

फळझाडांच्या बाबतीत अधिक सावधपणा हवा. आंब्याचे कलम खोटे निघाले, तर ते चार-पाच वर्षांनी कळते. तोवर पैसा, जागा आणि काळ तिन्ही गेलेले असतात. यासाठीच महाराष्ट्रात १९६९ पासून फळरोपवाटिकांच्या नियमनाचा कायदा आहे. त्यान्वये फळझाडांची रोपे विकणाऱ्यास परवाना घ्यावा लागतो. परवाना पाहावा, मातृवृक्ष कोठला ते विचारावे आणि जातीचे नाव लिहिलेली पावती घ्यावी. शक्य असल्यास कृषी विभागाच्या किंवा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेतूनच कलम आणावे.

वेळेचाही विचार हवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये महापुरामुळे पुणे–बेंगळुरू महामार्ग कोल्हापूरजवळ बंद पडला होता. अशा दिवसांत वाटेत अडकलेल्या खोक्यातील रोपाची गत सांगावयास नको. चातुर्मासात माती उकरणे टाळणाऱ्या घरांना मृगाचा पाऊस पडल्यापासून आषाढ शुद्ध चतुर्दशीपर्यंतचा काळ सोयीचा पडतो. जमीन ओली झालेली असते, उन्हाचा ताप ओसरलेला असतो आणि व्रताच्या आरंभापूर्वी लावणी उरकते. त्यासाठी रोपांची निवड मे महिन्यातच करून ठेवावी.

एखादे दुर्मीळ रोप दुरून मागवावेच लागले, तर खोके उघडताना चित्रफीत काढावी. ऑनलाइन विक्रीच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत मिळावी आणि निवारण एका महिन्यात व्हावे. ग्राहकाला आपल्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. आलेले रोप आठ-दहा दिवस सावलीत ठेवावे, खत देऊ नये, माती ओलसर राखावी आणि नवी पालवी दिसल्यावरच उन्हात न्यावे.

कायदा पाठीशी आहे खरा. पण दीडशे रुपयांच्या रोपासाठी आयोगाची पायरी कोण चढणार? येथे आपल्या व्यापाराचे जुने सूत्रच उपयोगी पडते. ज्याचे दुकान आपल्या वाटेवर आहे, त्याला उद्याही आपल्यालाच माल विकावयाचा असतो. रोप रुसले तर त्याच्याकडे पान घेऊन जाता येते आणि कारण विचारता येते. म्हणून बी दुरून आले तरी चालेल. रोप मात्र हाताने उचलून, मुळे पाहून आणि जितकी निगा राखता येईल तितकेच आणावे.