पर्लचे व्याकरण आणि भाड्याची जागा

१९८७ साली पर्ल ही संगणकभाषा प्रसिद्ध करणारे लॅरी वॉल भाषाविज्ञान शिकलेले होते. मराठीच्या या जुन्या शिक्षकाला तिचे कुतूहल वाटले ते त्यामुळे. तिच्यात एका मूल्याच्या नावाआधी डॉलरचे चिन्ह येते, अनेकांच्या यादीआधी ॲटचे. यादीतला एकच घटक घेतला, की पुन्हा डॉलर. हा तर वचनविचारच! आपल्या ‘ते’सारखे सर्वनामही तिच्यात आहे.

मजकूर निवडण्यात तरबेज असल्याने १९९०नंतरच्या दशकात वेबची पाने घडविण्याचे काम तिच्याकडे आले. १९९५पासून सीपॅन या भांडारातून इतरांनी लिहिलेली मॉड्यूले विनामूल्य मिळू लागली. अडले ते जागेपाशी. सीजीआय पद्धतीत प्रत्येक मागणीसरशी आज्ञावली नव्याने सुरू होई आणि पान देऊन संपे. वाचक वाढले, की सर्व्हर दमे. मॉड-पर्लने ती स्मृतीत जागती ठेवली खरी. पण अनेकांत वाटलेल्या भाड्याच्या सर्व्हरवर ती सोय सहसा नसे. पीएचपी तेथे आयती मिळे. पर्ल मागे पडल्याचे खापर तिच्या दुर्बोधतेवर फोडतात; मला ते अर्धेच पटते.

२००९ साली प्लॅक आले आणि एकच आज्ञावली निरनिराळ्या सर्व्हरांवर चालविणे सोपे झाले. २०१५ साली, ५.२२ या आवृत्तीत, सीजीआयचे मॉड्यूल मूळ संचातून वगळले गेले. सीपॅनवर ते अजून मिळते.