‘रोहना’ची दडवलेली बातमी

शुक्रवार, 26 नोव्हेंबर 1943. भूमध्य समुद्रात, अल्जीरियाच्या किनाऱ्याजवळ ‘रोहना’ बुडाले. जहाज ब्रिटिश इंडिया कंपनीचे, खलाशी बहुतेक हिंदुस्थानी आणि त्यावर आपल्या मुलखाकडे निघालेले सुमारे दोन हजार अमेरिकी सैनिक. जर्मन विमानाने सोडलेला बॉम्ब रेडिओने वळवता येत होता. तेव्हा हे हत्यार अगदी नवे होते.

1,138 जीव गेले, त्यांत 1,015 अमेरिकी सैनिक. अंधारात, उसळत्या लाटांतून ‘पायोनियर’ या जहाजाने 606 जणांना वर ओढले. वाचलेल्यांना हुकूम मिळाला, तोंड उघडायचे नाही. घरी तार गेली ती ‘बेपत्ता’ एवढीच.

फेब्रुवारी 1944 मध्ये हजारावर सैनिक समुद्रात गेल्याची कबुली आली, पण जहाजाचे नाव नाही, हत्याराचे तर नाहीच. युद्धात काही दिवस गप्प राहावे लागते, हे मान्य. पण बॉम्ब टाकणाऱ्याला तर सगळे ठाऊकच होते! अंधारात राहिल्या त्या आया. कित्येक घरांना खरी हकिकत पन्नास वर्षांनी कळली.

शंभरावर खलाशीही त्याच पाण्यात गेले. त्यांच्याविषयी आजही फारसे कोणी लिहीत नाही.