पांढरा फ्लोरिबंडा गुलाब : आइसबर्ग

पांढऱ्या गुलाबाची लागवड करू इच्छिणाऱ्या बागायतदार बंधूंनी 'आइसबर्ग'ची कलमे घेण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही जात बागेच्या शोभेची आहे, लांब दांड्याच्या फुलांच्या बाजाराची नव्हे.

जर्मनीतील राइमर कोर्डेस यांनी 'रॉबिन हूड' व 'व्हर्गो' यांच्या संकरातून ही जात तयार केली. ती १९५८ साली प्रसारित झाली आणि १९८३ साली जागतिक गुलाब महासंघाच्या मानाच्या यादीत तिचा समावेश झाला.

हायब्रीड टी गुलाबात बहुधा एका दांड्यावर एकच मोठे फूल येते. फ्लोरिबंडा गटात मात्र फुले झुपक्याने येतात. आइसबर्गचे झाड सुमारे एक ते सव्वा मीटर वाढते, काटे कमी असतात, पाने फिकट हिरवी व चकचकीत असतात. फूल मध्यम आकाराचे असून त्याला मंद सुवास असतो. थंडीत कळीवर गुलाबी छटा दिसते. ती या जातीची खूण आहे. रोपवाटिकेने दुसरेच कलम दिले असा संशय घेऊ नये!

झुपक्यातील मधली कळी आधी उमलते. तिच्या पाकळ्या गळू लागतात तेव्हा कडेच्या कळ्या अजून मिटलेल्याच असतात. शिवाय दांडा आखूड. म्हणून दांड्याच्या लांबीवर भाव ठरतो त्या बाजारात हा माल मागे पडतो. कुंपणालगतची रांग, घरापुढील ताटवा किंवा विक्रीसाठी कलमे तयार करणे, यासाठी मात्र ही जात आमच्या मते उत्तम आहे.

या जातीचे मोठे दुखणे म्हणजे पानांवरील काळे ठिपके. पान सलग सुमारे सात तास ओले राहिले की या बुरशीचे बीजाणू रुजतात. पावसाळ्यात अशी संधी रोजच मिळते. ठिपक्यांभोवती पान पिवळे पडून गळते आणि झाड बोडके होते. याकरिता लागण दाट करू नये. पाणी सकाळी व बुंध्याशी द्यावे, पानांवर मारू नये. गळलेली पाने वाफ्यात कुजू न देता वेचून जाळावीत, कारण पुढील लागण तेथूनच होते. शिफारशीतील बुरशीनाशक ठिपके दिसण्यापूर्वीच फवारावे; ठिपके पडलेले पान पुन्हा सुधारत नाही.

पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये हलकी ते मध्यम छाटणी करावी. वाळलेल्या व एकमेकींत गुंतलेल्या फांद्या आधी काढाव्यात. छाटणीनंतर साधारण सहा-सात आठवड्यांनी बहर येतो. वाळलेले झुपके वेळच्या वेळी खुडल्यास नवी फूट लवकर निघते.