प्रोपिलीन ग्लायकॉल : त्वचेवरील उपयोग व सुरक्षितता

त्वग्विकारांवरील जेल, लोशन व मलमांच्या वेष्टनावर प्रोपिलीन ग्लायकॉल हे नाव आयुर्वेदीय उत्पादनांतही आढळते. हा रंगहीन, जवळजवळ गंधहीन व पाण्यात सहज मिसळणारा द्रव होय. पाण्यात न विरघळणारे अनेक घटक तो विरघळवितो, त्वचेचा ओलावा टिकवितो आणि औषधाचा त्वचेतील प्रवेश सुलभ करतो. तिळतेल व घृत यांच्याकडून आपण घेतो, त्याच जातीचे हे वाहकाचे कार्य. मात्र वाहक औषधाबरोबर अशुद्धीही आत नेतो, हे विसरता कामा नये.

शुद्ध प्रोपिलीन ग्लायकॉल अखंड त्वचेवर अल्प प्रमाणात बहुतेकांना सोसते. काहींना दाह वा कंडू होतो. अमेरिकेतील स्पर्शजन्य त्वचाशोथतज्ज्ञांच्या संस्थेने २०१८ साली त्यास ‘वर्षातील ॲलर्जीकारक’ ठरविले. धानाच्या रोवणीत हातापायांना भेगा पडलेले रुग्ण ब्रह्मपुरी परिसरात नेहमीचेच. भेगाळलेल्या त्वचेवर असे जेल झोंबते. तेथे आम्ही सिक्थतैलच योजतो. अर्भकांत व विस्तीर्ण दग्धव्रणांवर शोषण वाढत असल्याने हा द्रव टाळावा.

खरा धोका भेसळीचा आहे. डायइथिलीन ग्लायकॉल हा दिसण्यात तसाच, परंतु वृक्कघातक द्रव. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले. त्याची चौकशी न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने केली. २०२५ साली छिंदवाड्यातील बालके खोकल्याच्या औषधातील याच विषाने दगावली. त्यांपैकी अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. ही औषधे पोटात घेण्याची होती म्हणून लेपाबाबत निश्चिंत राहू नये. स्पेनमध्ये १९८५ साली हे विष असलेल्या मलमामुळे ५ दग्धरुग्णांचा मृत्यू झाला.

ही भेसळ डोळ्यांनी वा वासाने ओळखता येत नाही. म्हणून फार्मसीचालकांनी औषधकोशाच्या दर्जाचा, मूळ सीलबंद पिंपातील मालच घ्यावा. औद्योगिक दर्जाचा किंवा सुटा भरलेला माल स्वस्त असला तरी नाकारावा. प्रत्येक बॅचचे विश्लेषणपत्र मागावे. त्यात इथिलीन व डायइथिलीन ग्लायकॉल प्रत्येकी ०.१ टक्क्याहून अधिक नसावे, आणि शंका असल्यास मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी करावी. कोणती बॅच कोणत्या उत्पादनात गेली, याची नोंद ठेवावी.

वैद्यांनी वेष्टनावरील घटक वाचूनच उत्पादन लिहून द्यावे. संवेदनशील रुग्णांत हाताच्या आतील भागावर लावून दोन दिवस पाहावे. वनौषधी कितीही उत्तम असली तरी तिच्या वाहकाची जबाबदारी आपलीच आहे.