गॅस-पेट्रोलवरची जुनी पिकअप: धाकट्या टाकीकडे लक्ष द्या!

समजा पहाटेचे साडेतीन वाजलेत. पाचोडकडच्या एखाद्या गावातून मेथीच्या जुड्या, टोमॅटोची कॅरेट आणि वांग्याच्या चार गोण्या भरून तुम्ही निघालात. आडूळ मागे पडले, बीड बायपास लागला आणि तिथेच गॅसच्या बटणावरचा शेवटचा दिवा लुकलुकायला लागला. पेट्रोल आहे की, काळजी कशाची, असे म्हणून तुम्ही बटण पेट्रोलवर टाकता. गाडी दोन गचके खाते आणि रस्त्याच्या कडेला उभी राहते ती राहतेच. जाधववाडीच्या बाजार समितीत हर्राशी तुमच्यासाठी थांबणार नाही. गारखेड्यातून गजानन महाराज मंदिराच्या चौकात येऊन पुढे पुंडलिकनगरच्या गल्ल्यांत गाडीवरूनच भाजी विकायचा तुमचा रिवाज असेल, तर तिथल्या बायाबापड्या सकाळी आठपर्यंत दुसऱ्याच्या गाडीवर भाजी घेऊन मोकळ्या होतात. उन्हाने माना टाकलेली मेथी मग कोणी फुकटही विचारत नाही.

टाकीत पेट्रोल नव्हते का? होते. पण ते सहा महिन्यांपूर्वीचे होते, तळाला पाणी साचले होते, आणि पेट्रोलचा पंप जळून गेला होता. सीएनजी स्वस्त पडतो म्हणून वर्ष-वर्ष पेट्रोलकडे बघायचे नाही, आणि अडचणीच्या वेळी मात्र त्याने धावून यावे अशी अपेक्षा ठेवायची. दोन टाक्यांच्या बहुतेक जुन्या गाड्या गॅसपायी अडत नाहीत, या धाकट्या टाकीपायी अडतात.

दोन टाक्यांची गाडी आपल्याला नवी नाही. विहिरीवरचे रॉकेलचे इंजिन आठवा. छोट्या टाकीत पेट्रोल, मोठ्या टाकीत रॉकेल. इंजिन पेट्रोलवर चालू करायचे, गरम झाले की कॉक फिरवून रॉकेलवर घ्यायचे, आणि बंद करायच्या आधी पुन्हा थोडा वेळ पेट्रोलवर चालवायचे, म्हणजे कार्बुरेटरमध्ये रॉकेल शिल्लक राहत नाही. हे विसरले की दुसऱ्या दिवशी दोरी ओढून-ओढून खांदा निखळायची वेळ यायची. १९४९ च्या सुमाराचा रॉकेलजातीच्या तेलावर चालणारा फर्ग्युसन ट्रॅक्टरही याच शिस्तीचा होता. जुन्या माणसांच्या हाताला ती शिस्त होती. आता बटण आपोआप पेट्रोलवरून गॅसवर जाते, त्यामुळे ती सुटली.

पेट्रोल शिळे होते

हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. फेब्रुवारी २०२३ मध्ये ते मोजक्या पंपांवर सुरू झाले आणि २०२५ पर्यंत देशभर पोचले. इथेनॉल आपल्याच उसाचे, मक्याचे; त्याला नावे ठेवायचे शेतकऱ्याला कारण नाही. पण त्याचा एक गुण ओळखून असा, ते हवेतला ओलावा ओढून घेते. पाच लिटरच्या टाकीत लिटरभर पेट्रोल आणि बाकी हवा अशी गाडी पावसाळाभर उभी राहिली, की ओलावा पेट्रोलमध्ये उतरत जातो. पाण्याचे प्रमाण वाढले की इथेनॉल पाण्याला धरून तळाला बसते. पंप नेमका तळाचेच ओढतो. टाकी पत्र्याची असेल तर गंज धरतो आणि तो गाळ फिल्टरमध्ये जाऊन बसतो. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे रबर आणि प्लास्टिक हे पेट्रोल सोसेल असे केले आहे. त्याआधीच्या गाडीचे रबरी पाइप मात्र फुगतात, मऊ पडतात, चिरतात. दहा-बारा वर्षांची गाडी असेल तर पेट्रोलचे पाइप एकदा बदलूनच घ्या. खर्च फार नाही, आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकणे म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

पंपाचेही ऐका. इंजेक्शनच्या गाडीत विजेचा पंप टाकीतच, पेट्रोलात बुडालेला असतो. त्याला थंड ठेवायचे काम पेट्रोलच करते. टाकी कोरडी ठेवून गाडी चालू करत राहिलात, की पंप तापतो आणि जळतो. सुपर कॅरीसारख्या छोट्या मालगाडीच्या सीएनजी प्रकारात पेट्रोलची राखीव टाकी पाचच लिटरची आहे. तेवढी तरी निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नका. बहुतेक नव्या पद्धतीच्या किटमध्ये गाडी आधी पेट्रोलवर चालू होते आणि इंजिन गरम झाल्यावर गॅसवर जाते. म्हणजे पुंडलिकनगरसारख्या वस्तीत दर पन्नास पावलांवर गाडी बंद-चालू करणाऱ्याचे पेट्रोल हायवेने सरळ जाणाऱ्यापेक्षा लवकर संपते. 'मी तर गॅसवरच चालवतो, पेट्रोल गेलं कुठं?' असे ड्रायव्हरवर ओरडण्याआधी हे ध्यानात घ्या.

उपाय सोपा आहे. आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी परतताना, गाडी रिकामी असताना दहा-पंधरा किलोमीटर पेट्रोलवर चालवा. जुने पेट्रोल जळते, इंजेक्टर मोकळे राहतात, पंप फिरता राहतो, आणि काही बिघाड असेल तर तो माल नसताना कळतो. महिन्या-दोन महिन्यांत टाकीतले सगळे पेट्रोल बदलले गेले पाहिजे एवढा हिशेब ठेवा.

कार्बुरेटरची जुनी ओम्नी किंवा तशी गाडी असेल तर बटण तीन जागी बसते. पेट्रोलवरून एकदम गॅसवर नेऊ नका. बटण मधल्या जागी ठेवा, कार्बुरेटरमधले पेट्रोल संपून इंजिन कच खायला लागले, की मग गॅसवर टाका. दोन्ही इंधने एकदम गेली तर इंजिन उलटा बार काढते आणि एअर फिल्टरचा डबा फुटतो. असा बार वारंवार निघत असेल तर प्लग आणि त्यांच्या वायरी आधी बघा. गॅसला पेट्रोलपेक्षा जोरदार ठिणगी लागते. पेट्रोलवर चालून जाणारा झिजलेला प्लग गॅसवर दगा देतो.

मोठ्या टाकीचे काम

सीएनजीच्या टाकीत साधारण २०० बार दाब असतो. मोटारीच्या चाकात भरतो त्या हवेच्या ऐंशी ते शंभर पट. एवढा दाब सोसणारी टाकी जाड पोलादाची असते आणि ती सहजी फुटत नाही, हे खरे. पण तिची चाचणी दर तीन वर्षांनी करायची, हा नियम आहे. हे काम पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना, म्हणजे पेसो, हिच्या मान्यतेच्या केंद्रातच होते. संघटनेचे मुख्यालय आपल्या नागपूरला आहे. टाकी गाडीवरून उतरवून, रिकामी करून, वॉल्व्ह काढून आतून-बाहेरून तपासतात. मग पाणी भरून नेहमीपेक्षा जास्त दाब देतात, आणि दाब सोडल्यावर टाकी मूळ मापावर परत आली का ते मोजतात. गॅस पंपावरची पोरे पाटीवरची तारीख बघून गॅस नाकारतात तेव्हा त्यांच्याशी हुज्जत घालू नका. तारीख उलटलेल्या टाकीत गॅस भरणे त्यांच्या आणि रांगेतल्या बाकीच्यांच्या जिवावर बेतू शकते.

जुनी गाडी विकत घेताना आपण टायर बघतो, चेसिस बघतो, दारे आपटून बघतो. टाकीवरचे कोरलेले अंक किती जण बघतात? टाकीचा क्रमांक आणि चाचणीची तारीख तिच्या गळ्याजवळ ठोकलेली असते. तो क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक एकच आहे का, हे सौद्याच्या आधी पडताळा. किट मागाहून बसवलेले असेल तर आरसी बुकात इंधन म्हणून पेट्रोल व सीएनजी अशी नोंद आरटीओकडून झालेली हवी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली ती लागते. विमा कंपनीलाही कळवलेले हवे. नाहीतर अपघातानंतर भरपाईचा अर्ज करताना हीच नोंद नसल्याचे कंपनी पुढे करते आणि शेतकरी कोरडाच राहतो.

गॅस गळतोय असे वाटले तर साबणाचा फेस जोडांवर लावून बघा, बुडबुडे येतात. काडी लावून बघू नका. हे लिहावे लागते, कारण अजून बघणारे आहेत. सीएनजी हवेपेक्षा हलका, वर निघून जातो. म्हणून पत्र्याच्या बंद शेडमध्ये गाडी लावू नका, छताखाली गॅस कोंडतो. वास आला की इंजिन बंद करून टाकीचा वॉल्व्ह घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवून बंद करायचा. हा वॉल्व्ह कुठे आहे ते ड्रायव्हरला आज दाखवून ठेवा.

टाकीच्या पट्ट्यांकडेही वाकून बघा. आपली पिकअप सकाळी भाजी वाहते आणि दुपारी खताच्या गोण्या. फुटक्या गोणीतला चुरा फळ्यांमधून खाली पडतो, त्यावर पाणी पडले की तोच पट्टे आणि बोल्ट खातो. साठ लिटरची लोखंडी टाकी रिकामीच साठेक किलोची असते. पाणंदीच्या खड्ड्यात बोल्ट तुटला तर ती दाबाच्या नळीला ओढत खाली येईल. महिन्यातून एकदा खालून पाणी मारून चुरा धुवा. आणि हौद्याला वेल्डिंग करायचे असेल तर टाकी गाडीवर ठेवून मुळीच करू नका. गावच्या वर्कशॉपमध्ये 'दोन टाके मारायचेत, पाच मिनिटांचं काम' असे म्हणतात. टाकी उतरवा, बॅटरीची वायर काढा, मग टाके मारा. टाकीला ठिणगीचा चटका बसला असेल तर ती थेट चाचणीला न्या.

रेग्युलेटरवर बर्फ धरतो अशी तक्रार हिवाळ्यात येते. दाबातला गॅस सैल झाला की गारठतो. म्हणून रेग्युलेटरला इंजिनाचे गरम पाणी फिरवून ऊब दिलेली असते. बर्फ धरला म्हणजे रेडिएटरमध्ये पाणी कमी आहे किंवा नळीत गाळ अडकलाय. तसेच, गॅस कोरडा जळतो, त्यामुळे वॉल्व्हच्या बैठका लवकर बसतात आणि टॅपेटची फट कमी होते. कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरला ती मोजून घ्या. गाडी चढावर दम टाकायला लागली की 'गॅसला ताकदच नसते' असे म्हणून पुष्कळ जण गप्प बसतात. थोडी ताकद कमी असते, पण इतकी नाही.

आता एक नाजूक विषय. ज्यांच्या गाडीला एलपीजी किट आहे, त्यांतले काही जण घरच्या सिलिंडरमधून मोटर लावून गॅस भरून घेतात. २००० साली कायद्यात बदल होऊन एलपीजी हे वाहनाचे इंधन म्हणून मान्य झाले, पण ते त्यासाठीच्या पंपावरून, त्यासाठीच्या टाकीत. घरगुती गॅस गाडीत भरणे हा जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली गुन्हा आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला की जमिनीलगत पसरत शेजारच्या उंबऱ्यातून आत जातो, आणि तिथे कोणाची तरी चूल किंवा देवापुढचा दिवा पेटलेला असतो. दाट वस्तीत चालणारे असे अड्डे पोलीस पाटलांनी आणि सरपंचांनी माहीत असून सोडून देऊ नयेत.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनाही दोन शब्द. तुमची घंटागाडी गॅस-पेट्रोलवरची असेल तर तिच्या लॉगबुकात गॅस-पेट्रोलच्या पावत्यांबरोबर टाकी चाचणीची तारीख लाल शाईने लिहा आणि पुढची तारीख मासिक सभेच्या टिपणीत आधीच घ्या. आठ वर्षांवरच्या मालगाडीला योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी लागते. टाकीची तपासणी त्याच महिन्यात बसवली तर गाडी दोनदा उभी ठेवावी लागत नाही. चाचणी चालू असेल तितके दिवस गाडी पेट्रोलवर चालवता येते, धाकटी टाकी ठाकठीक असेल तर.

चाचणीत नापास झालेली टाकी केंद्रातच निकामी करतात. 'रंग मारून द्या, कुट्टीच्या मशीनपुढे हवेसाठी वापरीन' अशी गळ मिस्तरीला घालू नका. पासष्ट किलो पोलाद भंगारात जाईल तेव्हा ते कापलेलेच जाईल.