बीटलमध्ये पाणी नसतं, पण ती तापते

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चारोटी ते तलासरीच्या पट्ट्यात एखादी जुनी गाडी कडेला थांबली की ढाब्यावरचं कुणीतरी पाण्याची बाटली घेऊन येतं. पद्मिनी आणि अ‍ॅम्बॅसिडरच्या काळापासूनची ही माणुसकी. गाडी फोक्सवॅगन बीटल असेल, तर ती बाटली चालकाला पाजावी. या गाडीला रेडिएटरच नाही. तापलेल्या इंजिनावर बाहेरून पाणी ओतलं, तर बिडाची सिलिंडरं आणि अ‍ॅल्युमिनियमची हेडं एकदम आकसतात आणि तडकू शकतात. सावलीत उभी करून वाट पाहणं, एवढाच उपाय.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज लाल दिव्याचा. चालू गाडीत डॅशबोर्डवरचा तो दिवा पेटला की मंडळी म्हणतात, ‘डायनामो चार्ज करत नाही, बॅटरीवर अच्छाडपर्यंत जाऊ.’ दिवसा दिवे लावायचे नसल्यानं बॅटरी पोचवेलही. इंजिन पोचणार नाही. इंजिन थंड करणारा पंखा डायनामोच्याच दांड्यावर बसवलेला असतो आणि दोन्ही एका पट्ट्यावर फिरतात. पट्टा तुटला की चार्जिंग आणि हवा एकदमच बंद. पद्मिनीचा पट्टा तुटला तर निदान काटा चढताना दिसतो. बीटलला तापमानाचा काटाच दिलेला नाही. म्हणून दिवा पेटला की लगेच कडेला घेऊन इंजिन बंद करायचं आणि मागचं झाकण उघडून आधी पट्टा पाहायचा.

‘हवेवर थंड होणारं इंजिन, म्हणजे गाडी पळाली की वारा लागून गार होतं’ हे मोटरसायकलवरून आलेलं गणित. बीटलचं इंजिन मागे, पत्र्याच्या आत असतं. त्याला वारा मिळतो तो पंख्याचा. बजाज चेतकचं काऊल ज्यानं काढून पाहिलंय, त्याला हे सांगावं लागणार नाही. पंखा इंजिनाच्या फेऱ्यांवर चालत असल्यानं मेंढवण खिंडीत किंवा डहाणू-जव्हार रस्त्यावरच्या चढाला चौथ्या गिअरमध्ये रेटत नेणं वाईट. तिसरा टाकावा, पंखा जोरात फिरतो. आवाज वाढला म्हणजे इंजिनाला त्रास होतोय, असं नव्हे.

आपल्या उन्हाळ्याला या गाड्या चालतच नाहीत, हेही खरं नाही. दुसऱ्या महायुद्धात याच जातीचं इंजिन असलेली जर्मन लष्करी गाडी क्यूबलवागन उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात वापरली गेली. आपल्याकडे घात करतं ते बहुधा गाडीचं उभं राहणं. 2021च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या रहदारीत वापरता येत नाही. मग ती पावसाळाभर चिकूच्या वाडीत झाकून ठेवलेली असते आणि पंख्याच्या घरात उंदीर संसार थाटतात. बाहेरून सगळं चकचकीत, आत सिलिंडरांच्या पात्यांमध्ये काड्या-चिंध्या! पावसाळ्यानंतर पहिल्यांदा सुरू करण्याआधी तिथं टॉर्च मारून पाहावं.

इंजिनाभोवतीचे पत्रे आणि रबरी पट्ट्या ‘हवा अडवतात’ म्हणून काढून टाकणारे मिस्त्रीही असतात. हे पत्रे वरची थंड हवा आणि खालची तापलेली हवा वेगळी ठेवतात. ते गेले की पंखा गरम हवाच पुन्हा ओढतो.

पट्टा शाबूत, पत्रे जागेवर, तरी तापते? मग टायमिंग, कार्बोरेटर आणि व्हॉल्व्हचं अंतर तपासा. तेलही बघा: जेमतेम अडीच लिटर तेल वंगणाबरोबर थंडाव्याचंही काम करतं. जुन्या इंजिनांत तेलाचा कूलर पंख्याच्या घरातच तिसऱ्या सिलिंडरच्या वाटेत असे, त्यामुळे त्या सिलिंडरच्या वाट्याला कमी हवा येई. व्हॉल्व्ह जळाला तर पहिला संशय त्याच्यावर.

पट्टा तुटल्यावर साडीची पट्टी किंवा नायलॉनची दोरी बांधून पुढचं गाव गाठू, हा बेत सोडून द्यावा. एक जादा पट्टा, 21 मिलिमीटरचा पाना आणि मोठा स्क्रूड्रायव्हर डिकीत असू द्यावा. डायनामोची पुली दोन भागांची असते. तिच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर अडकवून नट सोडायचा आणि पट्टा चढवायचा. दोन भागांमधल्या चकत्या कमी केल्या की पट्टा ताणतो; अंगठ्यानं दाबल्यावर साधारण दीड सेंटिमीटर दबला पाहिजे. काढलेल्या चकत्या फेकायच्या नाहीत, पुलीच्या बाहेर त्याच नटाखाली बसवायच्या.